जुन्या स्पोर्ट्स कारच्या डिकीला शेपटी बसवताना

बदकाच्या शेपटीसारखं मागे उचललेलं झाकण म्हटलं की सगळ्यांना १९७३ ची पोर्शे कॅरेरा आरएस २.७ आठवते. खरं तर ते डिकीचं झाकणच नव्हे. त्या गाडीचं इंजिन मागे आणि डिकी पुढे, म्हणजे शेपटी आहे ती इंजिनाच्या झाकणाला. पण ते रूप डोळ्यांत असं बसलंय की एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, फियाट १२४ स्पायडर या जुन्या उघड्या स्पोर्ट्स गाड्यांना, आणि आपल्याकडे तर कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीलाही लोक ते लावून बघतात.

काम फार अवघड नाही, पण उलट्या क्रमानं केलं की महाग पडतं. आधी पत्रा कापायचा, मग आरटीओ आठवायचं, मग गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या) अंदाजानं आणायचे आणि पहिल्या पावसात डिकीत तळं साचलेलं बघायचं, असा मुंबईतला नेहमीचा क्रम. खाली तो सरळ केलाय. उदाहरणाला १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी घेतलीय, कारण तिची रचना समजायला सोपी: पत्र्याचं वेगळं झाकण, पुढच्या कडेला दोन बिजागऱ्या, उघडं ठेवायला एक साधी दांडी.

आणि एक अट सुरुवातीलाच. मूळ झाकणाला ग्राइंडर लावायचा नाही. जे काही कापायचं, जोडायचं, भोकं पाडायची ते दुसऱ्या झाकणावर, किंवा उघडून काढता येईल अशा वेगळ्या तुकड्यावर. पुढचे सगळे टप्पे या अटीवर उभे आहेत.

१. काय बदलायचंय ते एका वाक्यात लिहा

डिकीच्या झाकणावर साधारण चार प्रकारची कामं होतात. मागच्या कडेला शेपटी चढवणं. हँडल, बिल्ला काढून झाकण सफाचट करणं. दांडीच्या जागी गॅस स्ट्रट बसवणं. आणि झाकणात तिसरा ब्रेक दिवा घालणं. चारही एकदम काढलीत तर प्रत्येक कारागीर दुसऱ्याच्या नावानं थांबून राहतो. पहिल्यांदा करत असाल तर शेपटी आणि स्ट्रट एवढंच घ्या. शेपटीचं वजन वाढणार, म्हणून स्ट्रट तिच्यासोबतच हवेत.

शेपटीमुळे गाडी रस्त्याला चिकटते वगैरे सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. वांद्रे-वरळी सी लिंकवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला हे काम फक्त दिसण्यासाठी आहे, आणि दिसण्यासाठी करण्यात काही वाईट नाही.

२. कागद आधी, पत्रा नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘एवढ्याशा शेपटीला कोण विचारतंय’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळेल. विचारलं जातं ते रस्त्यावर कमी आणि नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी जास्त. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासणीला न्यावीच लागते.

म्हणून गाडी ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी जिथे नोंदलेली असेल तिथे गाडीचा मागचा फोटो आणि शेपटीचं मापासह रेखाटन घेऊन जा आणि लेखी विचारा. तोंडी ‘चालेल’ला पुढच्या तपासणीत काही किंमत नसते.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी सांभाळून. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडीशेल (गाडीचा पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. कापलेलं, वेल्डिंग केलेलं झाकण घेऊन त्या अर्जासमोर उभं राहू नका. मूळ झाकण चढवलेलं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

ही कटकट फक्त आपल्याकडची असंही नाही. बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलचा १९७३ चा मोठा पंख जर्मनीत रस्त्यावर बसवायला परवानगी नव्हती, म्हणून कंपनी तो डिकीत ठेवून गाडी देत असे.

जवळ ठेवायचे कागद: आरसी, विमा पॉलिसी, पीयूसी, बाहेरून आणलेली गाडी असेल तर कस्टमचे कागद, काम सुरू होण्याआधीचे सर्व बाजूंचे तारखेसह फोटो, आरटीओचं लेखी उत्तर, आणि प्रत्येक सामानाचं बिल. विमा कंपनीला बदल आधीच ईमेलनं कळवा. मागून ठोकर बसल्यावर सर्व्हेअरला शेपटी पहिल्यांदा दिसली तर दावा अडकतो.

३. दुसरं झाकण मिळवा आणि तपासा

पद्मिनीचं झाकण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजाराच्या बाजूला शोधून मिळतं. एमजीबीचं इथे मिळणं नशिबाची गोष्ट. ब्रिटनमध्ये तिची अख्खी बॉडीशेल १९८८ पासून पुन्हा बनू लागली आणि पत्र्याचे सुटे भागही मिळतात. परदेशातून मागवलंत तर खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा. झाकणाचा कोपरा वाहतुकीत दुमडलेला असतो आणि तो नंतर ‘तुमच्याकडेच झाला’ असं ठरतं.

जुनं झाकण घेताना चार गोष्टी बघा.

फ्रिजवर लावायचं पातळ चुंबक सगळीकडे फिरवा. जिथे ते ढिलं पडतं तिथे खाली पुट्टी आहे.

मागच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो. गंज इथूनच सुरू होतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कडेकडेनं ठोका; टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला की आतून खाल्लंय.

पाणी निघून जायची छोटी भोकं मोकळी आहेत का बघा. आधीच्या पेंटरनं ती बुजवलेली असण्याची शक्यता भरपूर.

सपाट टेबलावर पालथं ठेवून चारही कोपरे दाबा. झाकण गोलाईचं असल्यानं ते मधे उचललेलं राहील, पण समोरासमोरच्या कोपऱ्यांवर डुलता कामा नये. डुललं तर पीळ पडलाय, आणि पीळ काढणं हे शेपटीपेक्षा मोठं काम.

४. मूळ झाकण उतरवणं

दोन माणसं लागतात. आदल्या रात्री बिजागरीच्या बोल्टना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी बिजागरीभोवती झाकणावर टोकदार पेन्सिलीनं रेघ ओढा. परत बसवताना ही रेघ तासाभराची खटपट वाचवते. झाकणाच्या दोन्ही पुढच्या कोपऱ्यांखाली, म्हणजे गाडीच्या अंगावर, मास्किंग टेपचे तीन थर आणि त्यावर घडी घातलेला जुना टॉवेल ठेवा. बोल्ट निघाला की झाकण नेमकं त्या कोपऱ्यावर घसरतं आणि नाण्याएवढा रंग उडवतं.

बिजागरीखाली पातळ चकत्या निघाल्या तर कुठून किती निघाल्या ते लिहा. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की झाकण आणि बॉडीमधली फट कधीच जुळत नाही.

उतरवलेल्या झाकणावर मास्किंग टेपनं मोठ्या अक्षरात ‘कापू नका’ लिहा. वर्कशॉपमधली बरीच मंडळी हिंदी बोलणारी असतात, तर शेजारी ‘काटना मना है’ पण लिहा. हसू नका. मालक जेवायला गेलेला असताना चुकीच्या झाकणाला करवत लागते ती अशाच वेळी.

दुसरं झाकण लगेच मूळ बिजागऱ्यांवर चढवून फट मोजा. ४ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा माप म्हणून वापरा आणि तिन्ही बाजूंनी फिरवा. एका बाजूला सैल, दुसरीकडे जातच नाही, असं असेल तर शेपटीचा विषय काढायच्या आधी हे सरळ करून घ्या.

५. पुठ्ठ्याची शेपटी

टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणि मास्किंग टेप यांत शेपटी बनवा. मागच्या कडेची उंची ४० ते ६० मिलिमीटरच्या आत ठेवून सुरुवात करा. छोट्या रोडस्टरला (उघड्या, दोन सीटच्या गाडीला) त्यापुढे शेपटी शोभत नाही, पाटी लावल्यासारखी दिसते. दोन्ही टोकं झाकणाच्या कडेपासून ३-४ मिलिमीटर आत घ्या, नाहीतर उघडताना बाजूच्या पत्र्याला घासतील. सहा-सात मीटर मागे जाऊन, कमरेच्या उंचीवरून फोटो काढा. मग चालकाच्या जागेवर बसून आरशात बघा: मागच्या गाडीचे दिवे दिसायला हवेत. नंबर प्लेट आणि तिच्यावरचा दिवा झाकला जात नाही ना, तेही आत्ताच.

पुठ्ठा दोन दिवस तसाच राहू द्या. पहिल्या दिवशी आवडलेली उंची बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी एक सेंटीमीटरनं कमी होते.

६. फायबरची शेपटी

मुंबईच्या खाऱ्या हवेत बोल्टनं बसणारी फायबरची शेपटी सगळ्यांत शहाणी निवड. गंजत नाही, हलकी, आणि अर्ध्या तासात काढता येते. साधारण सव्वा मीटर रुंदीच्या शेपटीला सामान असं लागतं:

पॉलिएस्टर रेझिन ५ किलो, जेलकोट (बाहेरच्या गुळगुळीत थराचं रेझिन) १ किलो, ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) ४ चौरस मीटर, ३०० ग्रॅमची १ चौरस मीटर, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) १०० मिलिलिटर, साचा सुटावा म्हणून लावायचं वॅक्स, त्यावरचा पीव्हीए द्रव, अ‍ॅसिटोन २ लिटर, अर्धा डझन स्वस्त ब्रश, एक लोखंडी चकत्यांचा रोलर, मूळ आकारासाठी पीयू (पॉलियुरेथेन) फोम, थोडा प्लायवुड. शिवाय वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा आणि हातमोजे. साधा कापडी मास्क रेझिनच्या वाफेला काहीच करत नाही. रोलर, ब्रश, पॉलिश पेपर नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतात.

इथे दोन सापळे आहेत, आणि दुसरा जिवावरचा.

थर्मोकोल वापरू नका. पॉलिएस्टर रेझिन लागताच ते विरघळतं; दोन दिवस घासून आणलेला आकार पाच मिनिटांत खड्डा होतो. म्हणून पीयू फोम.

हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिनला वेग देणारं दुसरं रसायन) कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. स्फोट होतो. दुकानदाराला आधी विचारा की रेझिनमध्ये कोबाल्ट घातलेलं आहे का. नसेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या आणि वापरायच्या क्षणी हार्डनर टाका. दोन्ही बाटल्या एका पिशवीत घरी आणू नका, एका फळीवर ठेवू नका.

आता क्रम: आधी फोमचा मूळ आकार, त्यावर फायबरचा साचा, आणि साच्यातून शेपटी. दुसऱ्या झाकणावर प्लास्टिक पसरून त्यावरच फोमचा आकार घासा, म्हणजे शेपटीचा तळ झाकणाच्या गोलाईवर बसेल. आतल्या कुठल्याही कोपऱ्याला ५-६ मिलिमीटरची गोलाई द्या. मॅट धारदार कोपऱ्यात वळत नाही. तिच्याखाली हवा राहते, आणि वर्षभरानं रंग तिथेच फुटतो. उभ्या बाजूंना किंचित उतार हवा, नाहीतर साचा निघणार नाही. फोमवर पुट्टी, मग सरफेसर, आणि ८०० नंबरच्या पेपरपर्यंत घासणं. इथली प्रत्येक रेघ साच्यात उतरणार आणि साच्यातून शेपटीत.

तासातासाच्या अंतरानं वॅक्सचे पाच हात, पुसून. वर पीव्हीएचा पातळ थर. तो वाळला की अर्धा मिलिमीटर जेलकोट. बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, ती वेळ गाठून ३०० ग्रॅमची मॅट लावा. ती पातळ असल्यानं कोपऱ्यात बसते. रोलर मधून बाहेर फिरवा आणि पांढरे डाग शोधा. पांढरं दिसतं तिथे हवा आहे. मग ४५० ग्रॅमचे चार थर, दिवसाला दोनच. घाईत चारही एका दमात चढवले की रेझिन तापतं आणि साचा वाकडा होतो. साचा तीन दिवस मूळ आकारावरच राहू द्या.

साच्यातून काढायच्या शेपटीला जेलकोट आणि ४५० ग्रॅमचे तीन थर पुरतात. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास येते आणि वजन दोन किलोच्या आत. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट धरा. हार्डनरचं प्रमाण किलोला १० ते २० मिलिलिटर. मुंबईच्या मे महिन्यात १० च्या जवळ राहा, नाहीतर डबा हातातच गरम होऊन घट्ट होईल. शेवटच्या थरात पाच ठिकाणी ४० बाय ४० मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पट्ट्या एम ६ बोल्ट जोडून गाडा. साच्यातून किमान २४ तासांनी काढा.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहतो आणि तो चिकटपणा रंगाखालीही जात नाही.

झाकणाला ७ मिलिमीटरची भोकं, आतल्या चौकटीच्या मोकळ्या जागा बघून पाडा. प्रत्येक भोकाची कड कानशीनं साफ करून इपॉक्सी प्रायमरचा ठिपका, तो सुकल्यावर भोकाभोवती ब्युटिल सीलर, मग रबर वॉशर, मोठा वॉशर, नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट. नट ३०४ स्टेनलेसचेच घ्या. साधे जस्ताचे एका पावसाळ्यात तांबडे होतात आणि त्यांचा ओघळ झाकणावरून खाली येतो.

७. पत्र्याची शेपटी, हट्ट असेल तर

सलग पत्र्याचं रूप हवं असेल तर २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा. मूळ झाकणावर नाहीच, हे पुन्हा सांगायला नको.

वेल्डिंग गाडीवर करायचं नाही. एमजीबीची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली असते, स्पिटफायरची तर डिकीतच. तुकडे गाडीवर क्लॅम्पनं धरून खुणा करा, झाकण उतरवा, टेबलावर टाके मारा, परत चढवून बघा. हे येणं-जाणं तीन-चार वेळा होतं. डेंटरशी बोली करताना ते आधीच ठरवा, नाहीतर दुसऱ्या फेरीला त्याचा चेहरा बदलतो.

सीओटू वेल्डिंगला ०.८ मिलिमीटरची तार, टाके २५ मिलिमीटर अंतरावर, एक इथे तर पुढचा लांबच्या टोकाला. टाक्याला बोट लावता आलं पाहिजे, तेव्हाच शेजारचा. सलग रेघ ओढणारा डेंटर दिसला की थांबवा. पत्रा लाटेसारखा होतो आणि मग सगळं पुट्टीखाली लपवलं जातं. पुट्टी २ मिलिमीटरहून जाड नको. झाकण आपटताना जाड पुट्टीला तडा जातोच.

वेल्डिंगच्या मागे, आतल्या बाजूचा प्रायमर जळालेला असतो आणि तिथे हात पोहोचत नाही. पाणी निघायच्या भोकांतून लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, आणि ती भोकं तारेनं परत मोकळी करा.

८. गॅस स्ट्रट: अंदाज नको, माप हवं

इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात, कारण लोक ‘छोट्या गाडीचे द्या’ म्हणून स्ट्रट आणतात. स्ट्रटवर न्यूटनमध्ये ताकद छापलेली असते. ती अशी काढा.

शेपटी बसवलेलं झाकण अर्ध उघडा. मागच्या कडेला वजनकाट्याचा हूक अडकवून झाकणाला काटकोनात ओढा आणि झाकण जेमतेम तोलून धरायला किती किलो लागतात ते वाचा. समजा ४ किलो. बिजागरीपासून ती कड ०.८ मीटर. ४ गुणिले ९.८१ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ३१ न्यूटन-मीटर. आता स्ट्रट कुठे लागणार ते ठरवा आणि अर्ध्या उघड्या अवस्थेत बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा. ते ०.१ मीटर असेल तर ३१ भागिले ०.१, म्हणजे ३१० न्यूटन. दोन स्ट्रट, प्रत्येकी १५५. बाजारात १५० चा मिळेल, तो घ्या. झाकण अर्ध्यापर्यंत हातानं उचलायचं, पुढे ते स्वतः जातं. हेच हवं.

‘जरा जास्तीचा असू दे’ म्हणून ३०० न्यूटनची जोडी लावली तर बंद करताना मधे दाबावं लागतं आणि झाकण बिजागऱ्यांपाशी वाकतं. पुढची कड वर आलेली दिसली की समजा हेच झालंय. एकच स्ट्रट लावू नका, झाकण पिळतं.

लांबीचं गणित: झाकण पूर्ण बंद असताना स्ट्रटमध्ये अजून ५ मिलिमीटर दबायला जागा राहिली पाहिजे. नाहीतर लॉक लागायच्या आधी स्ट्रट टेकतो आणि काहीतरी वाकतं. बंद स्थितीत दांडा खाली, नळी वर, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं आणि स्ट्रट टिकतो. पद्धत जमेपर्यंत ब्रॅकेट जी-क्लॅम्पनं धरून बघा, भोकं शेवटी. मूळ दांडी फेकू नका, डिकीतच असू द्या. एक स्ट्रट निकामी झाला तर तीच उपयोगी पडते.

९. लॉक आणि दिवा

हँडल काढून विजेचा पॉपर (बटण दाबल्यावर लॉक उघडणारं यंत्र) लावणार असाल तर डिकीतल्या कुलपाची एक आणीबाणीची वाट ठेवा. बॅटरी उतरली की पॉपर मेला, आणि चार्जर बऱ्याचदा डिकीतच असतो. सायकलची ब्रेक केबल लॉकच्या खिट्टीला बांधून तिचं टोक नंबर प्लेटच्या मागे आणा. पॉपरला क्षणभर बराच करंट लागतो, तेव्हा रिले (मोठा करंट झेलणारा स्विच), वेगळा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर. बटण गुडघा लागेल तिथे नको.

तिसऱ्या ब्रेक दिव्याला ०.७५ ची वायर पुरते. १९६७ च्या आधीच्या एमजीबीत, तशाच त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत, बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. अशा गाडीत एलईडी नेहमीसारखा जोडला तर पेटतच नाही आणि लोक दिवा खराब म्हणून लॅमिंग्टन रोडला परत नेतात. वायरी उलट जोडा आणि दिव्याचं धातूचं आवरण बॉडीला टेकू देऊ नका. बिजागरीपाशी वायरीला एक सैल वळसा ठेवा. ताणलेली वायर झाकण उघडून-मिटून तिथेच तुटते.

१०. रंग

जुना रंग कुठला आहे ते आधी बघा. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन आतल्या कडेला घासा. रंग फडक्यावर आला तर तो जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आहे; त्यावर थेट पीयू रंग मारला की सुरकुत्या पडतात. असा रंग पूर्ण उतरवून इपॉक्सी प्रायमरपासून सुरुवात करा.

फायबरची शेपटी आठवडाभर उन्हात ठेवून मग रंगवा, आणि ठेवताना झाकणावर बोल्ट करून ठेवा, म्हणजे उष्णतेनं वाकली तर योग्य आकारातच वाकेल. घाई केली तर चकचकीत रंगातून मॅटचे धागे उमटतात. काळ्या आणि गडद निळ्या रंगात तर लगेच. शेपटी आणि झाकण वेगवेगळे रंगवा. एकत्र रंगवले तर सांध्यावर रंगाचा पूल बनतो आणि तो तुटतो. शेड जुळवताना गाडीच्या मागच्या बाजूचा पत्रा थोडा पॉलिश करून त्याच्याशी, दिवसाच्या उजेडात जुळवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रंगाचा काळ. जुलैत क्लिअर कोट दुधाळ होतो.

११. रबर आणि पाणी

झाकणाखालचं रबर नवं बसवा, पण जाडी मूळचीच. जाड स्पंजचं रबर लावलं की झाकण वर उभं राहतं आणि मग लॉकच्या बिचाऱ्या खिट्टीवर सगळा राग निघतो. रबराचा जोड कोपऱ्यात आणू नका.

रबराला खडू घासा, झाकण बंद करून उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे दहा रुपयांची नोट धरून झाकण मिटा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथून पाणी येणार. आता डिकीत वर्तमानपत्र पसरा, पाइपनं पाच मिनिटं पाणी मारा. झाकणावर वरून तर माराच, पण बाजूनं आणि मागूनही मारा, मरीन ड्राइव्हच्या पावसासारखं. कागदावरचा ओला डाग गळतीची जागा दाखवतो.

हे फक्त सामान भिजण्यापुरतं नाही. मागची फट उघडी असेल तर चालत्या गाडीत सायलेन्सरचा धूर डिकीत आणि तिथून आत ओढला जातो. छत लावून चालवताना डोकं जड झालं तर सगळ्यात आधी हे रबर बघा.

१२. ताबा घेताना आणि नंतर

पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हिस्सा पाण्याच्या चाचणीनंतर. झाकण दहा वेळा उघडून मिटा, ४ मिलिमीटरचा दांडा पुन्हा तिन्ही फटींत फिरवा, ब्रेक दाबून दिवा बघायला कुणालातरी मागे उभं करा. २०० किलोमीटरनंतर शेपटीचे पाचही नट पुन्हा आवळा, कारण रबर वॉशर दबून बसतात.

मूळ झाकणाला आतून-बाहेरून वॅक्स लावा, जुन्या सुती चादरीत गुंडाळा आणि उभं ठेवा. आडवं ठेवलं की त्यावर कोणीतरी खोकी रचतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमटपणा धरतो. बिजागरीचे बोल्ट, चकत्या, हँडल आणि बिल्ला एका डब्यात घालून तो डबा झाकणालाच बांधा, आणि दर दसऱ्याच्या आसपास चादर सोडून मागची दुमडलेली कड तपासा.